साखळीवाल्या व्हर्लिनचा संशय

व्हर्लिन लायकर एकतीस वर्षं शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर साखळी धरत होता. या एकतीस वर्षांत पाहुण्यांच्या बाजूला उभं राहून जे कानावर पडलं, त्यातलं अक्षरही त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. हे त्याचं स्वतःचं म्हणणं. आणि ते खरंही होतं, गेल्या ऑक्टोबरपर्यंत.

काम तसं साधं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. ते दहा यार्ड मोजायला दोन दांडे आणि मधे साखळी. एक दांडा व्हर्लिनचा, दुसरा ऑगीचा. ऑगी म्हणजे गावचा निवृत्त खाटीक, व्हर्लिनचा चाळीस वर्षांचा दोस्त. हाडं कापायच्या करवतीने त्याच्या कानांचं वाटोळं केलेलं, पण जीभ शाबूत, जरा जास्तच शाबूत. आमच्याकडे साखळीवाले गावचेच, पण उभे राहतात पाहुण्या संघाच्या बाजूला. म्हणून त्यांना नियम कडक: टाळी वाजवायची नाही, शिवी द्यायची नाही, तिकडचं ऐकलेलं इकडे आणायचं नाही. "हा माणूस चर्चमध्ये घोरेल, पण साखळीचा नियम मोडणार नाही," असं त्याची बायको डेलोरिस म्हणायची. व्हर्लिनने जन्मभर काउंटीचे मातीचे रस्ते सपाट करायचं यंत्र चालवलं होतं. वाकडं काही दिसलं की त्याचं डोकं फिरायचं.

आणि अशा माणसासमोर कोल्टन प्रुइट येऊन उभा राहिला. चढाईचा नवा कोच. वय एकोणतीस, गाव कुठलं तर ओक्लाहोमा, घर भाड्याचं. मुख्य कोच आता थकला होता. त्यामुळे चेंडू आपल्याकडे असताना कोणती चाल खेळायची, हे सगळं या प्रुइटच्या मर्जीवर. आमच्या गावाची चाल ठरलेली. चौथा प्रयत्न असेल आणि दोन यार्ड कमी पडत असतील, तर सगळ्यात दांडगट पोराच्या पोटाशी चेंडू द्यायचा आणि घुसायचं. आजे तसेच खेळले, बाप तसेच खेळले. प्रुइटने काय केलं? जो जाडा पोरगा जन्मात फक्त धक्के देत आला होता, त्याच्याकडेच चेंडू फेकायला लावला! दुसऱ्या सामन्यात चेंडू फेकणारा पोरगा डोक्याला हात लावून तक्रार करायला निघाल्यासारखा कोचकडे चालू लागला. सगळे त्याच्याकडे बघतायत तोवर भलताच पोरगा चेंडू घेऊन पळाला. पहिले तिन्ही सामने जिंकले. गाव नुसतं नाचत होतं.

सकाळी पेट्रोल पंपावर कॉफीला म्हाताऱ्यांचं टेबल भरायचं. तिथे रोज हाच वाद.

"तीन जिंकले ना रे? मग तुझं दुखणं काय?" ऑगी म्हणायचा.

"साधं खेळून जिंकता येत असताना जो वाकडं खेळतो, त्याला जिंकायचं नसतं ऑगी. त्याला दिसायचं असतं."

"दिसायचं? इथे बघायला आहे कोण? गाई?"

"कॉलेजवाले. दोन वर्षांत मोठ्या नोकरीवर पळेल, लिहून ठेव."

"तुझ्या यंत्रापुढे ससा आडवा आला, तरी तू त्याला विचारशील, 'कुणी पाठवलं तुला?'"

टेबल हसलं. व्हर्लिन मात्र हसला नाही. त्याने मनाशी ठरवलं, या माणसावर नजर ठेवायची.

समोरच्या बाजूने प्रुइट हातांनी खुणा करून चाल कळवायचा. चोरी होऊ नये म्हणून खुणा दर आठवड्याला बदलायचा. पण व्हर्लिन सामनाभर दुसरीकडे बघायचाच नाही. पहिला अर्धा तास गेला की त्याला उलगडा झालेला असायचा: आज टोपीला हात म्हणजे लांब फेक, कोपर चोळलं म्हणजे धाव. याचा त्याला मोठा अभिमान वाटायचा. फायदाही होता. लांब फेक यशस्वी झाली की साखळीवाल्यांना दांडा घेऊन तीस-चाळीस यार्ड धावावं लागतं, आणि त्याचे गुडघे गेलेले. आधी कळलं की बरं पडायचं.

चौथा सामना हरला. पाचवा हरला, सहावाही. आणि हरण्याची तऱ्हा काही वेगळीच होती. प्रुइटची लांब फेक यायची असली, की चेंडू हलायच्या आधीच पाहुण्यांच्या बाजूने कुणीतरी ओरडायचं, "लांब! मागे व्हा!" धाव असली की "आत दाबा!" दर वेळी अगदी बरोब्बर. व्हर्लिनच्या मनात पाल चुकचुकली. यांना कोण सांगतं? आतलाच कुणीतरी. आणि आतला म्हणजे बाहेरून आलेलाच!

आठवडाभर त्याने ते पोटात ठेवलं. डेलोरिसने वाढलेलं जेवणही त्याला गोड लागेना. शेवटी एका सकाळी उचलली जीभ लावली टाळ्याला.

"ऑगी, प्रुइट आपल्या चाली बाहेर देतोय. मी कानांनी ऐकलंय."

"कुठे ऐकलंस?"

व्हर्लिनची नजर खिडकीतून मैदानाच्या दिशेला गेली. ऑगीला कळलं. कॉफीचा कप त्याने हळूच खाली ठेवला.

"साखळीवर ऐकलंस? आणि तू मला सांगतोयस? म्हणजे नक्कीच खरं असणार."

जेवणाच्या वेळेपर्यंत गावभर पराचा कावळा झाला. प्रुइटने नवी गाडी कशी घेतली, बायको चर्चच्या मासळीच्या जेवणाला का आली नाही, सगळ्याला आता वास यायला लागला. पाठीराख्यांच्या मंडळाने सोमवारी बैठक ठेवली. मंडळ म्हणालं की शाळा ऐकते. प्रुइटची नोकरी त्या बैठकीवर टांगली गेली.

त्याआधीच्या शुक्रवारी मोसमातला शेवटचा सामना होता. व्हर्लिन नेहमीसारखा दांडा घेऊन उभा राहिला, आणि या खेपेला त्याने पाहुण्यांच्या कोचांवरही डोळा ठेवला. एक लाल दाढीवाला पोरगेला कोच त्याच्या अगदी जवळ रेंगाळत होता. विचित्र माणूस! सगळं मैदान समोर असताना हा खाली बघत होता. व्हर्लिनच्या बुटांकडे.

समोर प्रुइटने टोपीला हात लावला. लांब फेकीची ती जुनी खूण या आठवड्यात फिरून आली होती. व्हर्लिनचा उजवा पाय सवयीने वळला, अंगाचा भार मागे गेला, पळायची तयारी.

"लांब!" लाल दाढी ओरडली.

व्हर्लिनने खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. पुढच्या वेळी प्रुइटने कोपर चोळलं. व्हर्लिनचे पाय होते तिथेच सैल राहिले. "आत दाबा!" लाल दाढी पुन्हा ओरडली आणि शेजारच्याला म्हणाली, "आधीच्या संघांनी सांगितलं होतं ना, म्हाताऱ्याचे बूट बघा म्हणून."

अरे देवा! बाहेर देणारा तो स्वतःच होता. तीन सामने त्याच्या पायांनी हरवले होते, आणि फास त्याने प्रुइटच्या गळ्यात घातला होता.

शेवटची दोन मिनिटं उरली. आपले चार गुणांनी मागे, चौथा प्रयत्न. प्रुइटचा हात टोपीकडे गेला. पाय वळवला तर फितुरी. मुद्दाम रोवून धरला तर साखळीवाल्याने पाहुण्यांना फसवल्यासारखं. काहीही केलं तरी त्याचे पाय काहीतरी सांगणारच होते. व्हर्लिनने दांडा कुंपणाशी उभ्या असलेल्या शाळेच्या रखवालदाराच्या हातात कोंबला, अंगातलं नारिंगी जाकीट काढलं आणि मैदानाकडे पाठ करून चालू लागला. मागे एकच गलका उठला. फेक यशस्वी झाली होती. गाव जिंकलं.

आणि गाव काय म्हणालं? "बघा! मनात आणलं तर जिंकतो. म्हणजे आधीचे मुद्दाम घालवले!" एकदा कानफाट्या नाव पडलं की जिंकलं तरी तेच आणि हरलं तरी तेच.

सोमवारी चर्चच्या तळघरात मंडळ जमलं. राजम्याची मिरची घातलेली आमटी आणि दालचिनीचे रोल खाऊन झाले, आणि व्हर्लिन उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं. खुणा, गुडघे, बूट, लाल दाढी. दोनदा सांगितलं. मग मागून कुणीतरी फसकन हसलं.

"तुझ्या बुटांनी?"

"हो."

ऑगी जवळ आला आणि त्याच्या परीने हळू, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "व्हर्लिन, त्याने काय देऊ केलं रे तुला?"

चाळीस वर्षांची दोस्ती. व्हर्लिन खाली बसला. बावीस हात प्रुइटच्या विरोधात वर गेले.

मंगळवारी दुपारी तो प्रुइटच्या घरी गेला. प्रुइट अंगणातल्या झाडावरून लेकीचा झोका सोडवत होता. दोर टाकून तो पुढे आला.

"मिस्टर लायकर! या, या. काल तुम्ही काय केलंत ते कळलं मला."

"मी जे खरं तेच..."

"राहू द्या हो. एकतीस वर्षांचं नाव तुमचं, आणि परक्या माणसासाठी सगळं स्वतःवर घेतलंत. बायको रडली ऐकून. म्हणाली, या गावात एक तरी माणूस निघाला."

"अरे पोरा, नीट ऐक. तुझ्यावर पहिला संशय घेतला तोही मीच. ऑगीला मीच सांगितलं. माझ्याच तोंडाने."

प्रुइट हसला. त्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, मिस्टर लायकर. किती प्रयत्न करताय!"

मग त्याने घराकडे वळून हाक मारली, "अगं, बाहेर ये. ते आलेत बघ." ओले हात पुसत बायको धावतच आली, आणि तिने व्हर्लिनला घट्ट मिठी मारली. व्हर्लिनने आपले हात खाली तसेच सोडून ठेवले.