कुणालाच नको असलेलं घर

माझी काकू चौथ्या मजल्यावरचं घर विकायला निघाली, तेव्हा बाजार इतका थंड होता की एजंट लोक फोनही जांभया देत उचलायचे. इमारतीला लिफ्ट नाही. काकांचे पाय लकव्याने गेल्यापासून ते खाली उतरलेच नव्हते. तळमजल्यावर घर घ्यायचं आणि या माणसाला पुन्हा माणसांत आणायचं, एवढंच काकूच्या मनात होतं.

पहिल्या एजंटला आम्ही साखरतोंड्या म्हणायचो. तो म्हणाला, "गिऱ्हाईक येईल तेव्हा काकांना तेवढं शेजारी ठेवू. आजारी माणूस दिसला की लोक बिचकतात."

"ठेवू? ते काय कपाट आहेत?" काकू म्हणाली. "चहा घ्या आणि निघा."

गिऱ्हाईक आलं की काकू आधी काकांची ओळख करून द्यायची, मग स्वयंपाकघर दाखवायची. घर का विकताय असं विचारलं की सरळ सांगायची, "हे जिने त्यांना झेपत नाहीत." झालं! गिऱ्हाईक आपलेच गुडघे चाचपत खाली जायचं.

"अगं, थोडं हातचं राखून बोल की," मी वैतागून म्हटलं.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? उद्या त्यांची म्हातारी आई धापा टाकेल, तेव्हा शिव्या कुणाला बसतील?"

मी कपाळाला हात लावला आणि नवा एजंट शोधायला घेतला.

दुसरी एजंट स्कूटरवाली. तिने तोंडावर सांगितलं, "भाव उतरवा, नाहीतर वाट बघा." भाव उतरवला तर तळमजल्याचं घर परवडत नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर.

काकूची सगळी नोकरी बसच्या आरक्षण खिडकीवर गेलेली. गाडी भरली आणि मायलेकरं लांब लांब बसली, की ती रिकाम्या जागेची वाट बघायची नाही; आपल्या जागेवर तितकाच नाखूश असलेला दुसरा प्रवासी शोधायची. तिने स्कूटरवालीला विचारलं, "तुझ्याकडे कुणालाच नको असलेलं तळमजल्याचं घर आहे का?"

स्कूटरवाली ओशाळली. "आहे एक. पण अगदी रस्त्याला लागून. दिवसभर कलकल. मालकीणबाई शिक्षिका आहेत, त्यांना वह्या तपासायलासुद्धा शांतता मिळत नाही."

"त्यांना वर घेऊन ये."

शिक्षिका धापा टाकत आली, मागच्या खोलीत उभी राहिली आणि म्हणाली, "किती शांत आहे हो इथे!" काकूनेही तिच्याकडे जाऊन प्रत्येक दाराची रुंदी चाकांच्या खुर्चीला पुरते का, ते दोरीने मोजून घेतलं. घरांची अदलाबदल ठरली. दलाली दोघींकडून घेऊ का, असं स्कूटरवालीने चाचरत विचारलं. "घे की, काम दोन घरांचं केलंस," काकू म्हणाली. मला या बाईचा फार अभिमान वाटला, आणि अजून वाटतो.

किल्ली देताना शिक्षिका संकोचली. "एक सांगायचं राहिलं. येणारे जाणारे खिडकीतून सरळ आत बघतात."

"बघू देत," काकू म्हणाली.

चौघांनी काकांना खुर्चीसकट खाली आणलं आणि नव्या घरात त्याच खिडकीशी बसवलं. संध्याकाळी काकांच्या कारखान्यातला एक जुना सोबती तिथून जाताना थबकला. त्याने गज धरले.

"अरे, तू! मला वाटलं..." पुढचं त्याने गिळलं.

काका हसले. "आत ये," ते म्हणाले. "इथे जिना नाही."