वॉकीटॉकीवरची सोलकढी

तापलेल्या बॅटरीचा वास आला की मला देवबागची ती दुपार आठवते. पर्यटकांच्या होडीवरून घरी बोलायला मी एका बंद झालेल्या हॉटेलातले जुने वॉकीटॉकी आणले होते. परवाना काढला नव्हता, त्यातला चॅनल कुणाचा हेही विचारलं नव्हतं. त्या दुपारी वारा सुटला होता, मी उन्हाने थकलो होतो आणि बटण दाबून बायकोला सांगत बसलो होतो, जेवायला किती माणसं, सोलकढी किती. आपण बोलत असताना दुसऱ्याचा आवाज पोचत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी शेजारचा, मासेमारीची होडी चालवणारा म्हातारा तांडेल ओल्या कपड्यांनीच आमच्या पडवीत येऊन बसला. इंजिन बंद पडून त्याची होडी खोल समुद्राकडे वाहत गेली होती; योगायोगाने दिसलेल्या एका ट्रॉलरने ती ओढून आणली. मदत मागायला त्याच्याकडे होता तो वॉकीटॉकीही त्याच चॅनलवरचा. "तुजी सोलकढी आयकत होतंय रे," तो हळू म्हणाला, "तू गप रवस्तोवर माजी बॅटरी सोपली." बायकोने दिलेला चहा त्याने घेतला नाही. मी तेव्हाच दोन्ही सेट बंद केले. परवान्याचे कागद आणि वेगळा चॅनल मिळवण्यात पुढचं वर्ष गेलं. आता बोलण्याआधी मी थोडा वेळ नुसता ऐकतो. बहुतेकदा खरखरच असते, तरी ऐकतो.