एकेचाळीस भांडी

त्या गल्लीत खोल्या एकेचाळीस आणि नळ एक. नळाची चावी जिच्या कमरेला असायची, तिला सगळे नळआत्या म्हणायचे. ती कोणाचीच सख्खी आत्या नव्हती. नवरा पाणीखात्यात फिटर होता. तो गेल्यावर चावी आपसूक हिच्याकडे राहिली आणि ती परत मागायची खात्यात कोणाची छाती झाली नाही. तेवीस वर्षं आत्या रोज सकाळी सहाला पाणी सोडायची आणि सव्वासातला बंद करायची. मधला सव्वा तास गल्लीत तिचं राज्य.

दिसायला एवढीशी बाई, पण आवाज पलीकडच्या गल्लीत पोचायचा. अंगावर बारा महिने नवऱ्याचा जुना खाकी रेनकोट. रांग भांड्यांनी लावायची, माणसांनी नाही, हा नियम तिचाच. माणसं उभी राहिली की डोकी फुटतात, बादल्या एकमेकींच्या अंगावर धावून जात नाहीत, असं तिचं म्हणणं. लोक सहाच्या आत आपापली बादली, कॅन, ड्रम ठेवून जायचे आणि दारात उभे राहायचे. आत्या पाइप धरून एका टोकापासून भरत यायची आणि भरता भरता एकेका घराचा उद्धार करायची. "हा कॅन कधी घासलाय का गं, की आणला तसाच आहे?" रांगेत पहिली बादली तिची स्वतःची, कडीला लाल चिंधी गुंडाळलेली. तेवढा एक हक्क तिने स्वतःसाठी घेतला होता.

मी आरोग्य केंद्राची सर्व्हेवाली. त्या भागातली दारं बारा वर्षं वाजवतेय. लोक मला ताई म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे. माझा स्वभाव तापट आहे आणि खोटं बोललेलं मला खपत नाही. निदान तेव्हापर्यंत माझा तसा समज होता.

साथ आली आणि सगळी दारं बंद झाली. मी वाजवायचे, आतून उत्तर यायचं, "सगळे बरे आहेत." त्याच्या मागोमाग कोणीतरी उशीत तोंड खुपसून खोकायचं. तो आवाज मला चांगला ओळखू येतो. पण आत शिरायची मला परवानगी नव्हती आणि दार उघडायची त्यांची तयारी नव्हती. का नव्हती, तेही उघड होतं. ताप सांगितला की गाडी यायची आणि माणसाला बंद पडलेल्या शाळेतल्या केंद्रावर न्यायची. दाराला चिकटपट्टी लागायची, घरातल्या सगळ्यांचं काम बुडायचं. नेलेलं माणूस कसं आहे हे विचारायला फोन केला, तर तिकडे तो वाजत राहायचा.

शेवटी मी आत्याला गाठलं.

"आत्या, तू नुसती भांड्यांवर नजर ठेव. ज्याचं भांडं दोन दिवस रांगेत नाही, ते घर मला सांग."

"म्हणजे मी चुगल्या करू?"

"जीव वाचतील गं."

"नेलेली माणसं परत येतील?"

"आठ दिवसांत. माझा शब्द."

असा शब्द द्यायचा अधिकार मला कोणी दिला होता? बैठकीत वरून सांगितलं, मी ते जसंच्या तसं पुढे ढकललं. आत्याने मात्र ते खरं धरलं आणि दारोदार जाऊन तोच शब्द स्वतःच्या नावावर दिला. तिच्या शब्दावर दारं उघडली, माझ्या नाही.

पहिल्या पंधरवड्यात तिने सहा घरं सांगितली. सहाही घरांत आजार निघाला. सहा माणसं गेली, चार परत आली. न आलेल्या दोघांत आत्याच्या शेजारच्या शिलाईवालीची सासू होती. म्हातारी स्वतः चालत गाडीत बसली होती, जाताना सुनेला खिडकी लावून घे म्हणाली होती. नंतर घरी फक्त एक पिशवी आली. पिशवीत चष्मा होता, आणि तो तिचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर आत्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. भांडी भरता भरता म्हणाली, "मला काही विचारू नकोस आता. रांग तुझ्यासमोर आहे. तूच मोज."

मग मी मोजायला लागले. गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं, आत जायचं नाही, असा आम्हाला हुकूम होता. जमिनीवर पांढऱ्या रंगाचे गोल काढलेले होते, एकेका गोलात एकेक भांडं. पहिल्या दिवशी छत्तीस भरली, मग सदतीस. पुढच्या आठवड्यात एकेचाळीस. त्याच्या दुसऱ्या दिवशीही एकेचाळीस, तिसऱ्या दिवशीही.

खरं तर मला तिथेच कळायला हवं होतं. बारा वर्षांत ती रांग कधी पूर्ण भरलेली मी पाहिली नव्हती. कोणी परगावी गेलेलं असायचं, कोणाला उठायला उशीर व्हायचा, कोणी आत्याशी भांडून दुसरीकडून पाणी आणायचं. पण मी खूश झाले. वहीत रोज शून्य लिहायला लागले. साहेब बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "यांच्याकडून शिका जरा," आणि मी घरी जाईपर्यंत हवेत होते.

त्या दिवसांतली गल्ली आठवली की अजून अंगावर काटा येतो. दारात कोणीच उभं नसायचं. दारं बोटभर किलकिली, आत अंधार. पोरांचा आवाज नाही, भांडणं नाहीत. पाणी भांड्यात पडताना आधी खळखळ वाजायचं, भरत आलं की आवाज दबायचा, मग पुढच्या भांड्यात पुन्हा खळखळ. तेवढाच काय तो आवाज. आणि रांगेच्या पलीकडच्या टोकाला खाकी रेनकोट. डोळ्यांपर्यंत ओढलेला स्कार्फ, त्याखाली मास्क, हातात पाइप. शिवी नाही, टोमणा नाही.

"आत्या, बरी आहेस ना?" मी ओरडले.

तिने हात वर केला.

"घसा बसलाय तिचा," एका दारातून आवाज आला.

"बोलायचं नाही सांगितलंय तिला," लगेच दुसऱ्या दारातून.

दोन्ही उत्तरं अशी पाठोपाठ आली की कोणीतरी घोकून घेतल्यासारखी वाटली. पण आत्याचा उंबरा रोज ओला दिसायचा. सकाळी उठून उंबरा धुतेय म्हणजे बाई धडधाकट आहे, असा हिशोब मी मनात केला. वहीत लिहिलंसुद्धा, "नळआत्या ठीक. घसा बसला आहे."

एका संध्याकाळी साहेबांचा निरोप आला की तुमच्या गल्लीचा फोटो पाठवा, वर दाखवायचा आहे. भरलेली रांग तर सगळेच पाहतात, आपण रांग लागतानाचा फोटो काढू, असं माझ्या डोक्यात आलं. म्हणून दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी गेले. नुकतं उजाडलं होतं.

आत्याच्या खोलीतून कोणीतरी पाठमोरं बाहेर आलं. हातात लाल चिंधीची बादली, काठोकाठ भरलेली. त्या बाईने बादली उंबऱ्यावर टेकवली, इकडेतिकडे पाहिलं आणि सगळं पाणी हळूहळू ओतून टाकलं. घाईने नाही, आवाज होऊ नये म्हणून धार उंबऱ्यावर धरून.

त्या गल्लीत भाजी धुतलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं पाणी मोरीला वापरतात. तिथे भरली बादली कोणी ओतत नाही. रिकामी बादली घेऊन ती बाई नळाशी गेली आणि तिने ती पहिल्या गोलात ठेवली. मग नळाजवळच्या खुंटीवरचा खाकी रेनकोट काढून अंगात घातला.

"आत्या?" मी म्हणाले. हुकूम विसरून मी केव्हाच आत चालत गेले होते.

तिने स्कार्फ खाली केला. शिलाईवाली होती.

"किती दिवस?" मी विचारलं.

"आज नववा." तिची नजर जमिनीवर होती. "आत्या पाणी पीत नाही ताई, घोटभर जेमतेम. बादली तशीच भरलेली राहते. भरलेली बादली रांगेत कशी ठेवणार? तुम्ही लांबून बघता ना."

"तुझ्या सासूला तिनेच पाठवलं होतं, आणि तू तिला लपवतेस?"

"म्हणून तर. आम्हाला कळलंय ना तिकडे काय होतं ते." मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "तिने हात जोडले ताई. मला गाडीत घालू नका म्हणाली. गल्लीने शब्द दिलाय तिला. आणि आमचा शब्द आम्ही पाळतो."

ते मला लागायचं तिथे लागलं.

मी आत गेले. आत्या खाटेवर भिंतीला टेकून बसवलेली होती. ओठ निळसर. प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते. खोलीत पाण्याने भरलेली पातेली, डबे, ग्लास ओळीने मांडून ठेवले होते, एकालाही हात लागला नव्हता. मला वाटलं ती मला ओळखणार नाही. तिने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला तो असा.

"किती भरतात आता?"

"एकेचाळीस."

ती हसली. हसताना धाप लागली, तरी हसली. "वेडी आहेस का गं? एवढी कधी भरतात?"

तेवढ्यात माझ्या डोक्यात सगळा उजेड पडला. लपवलेली ही एकटीच नव्हती.

मी गाडीला फोन केला. शिलाईवाली दारात आडवी उभी राहिली. मी तिला म्हणाले, "मी शब्द देत नाही. मी तिच्याबरोबर जाते. तिकडे दार लावलं तर दाराशी बसते." ती बाजूला झाली. आत्याने माझं मनगट धरलं.

गाडी तासाभरात येणार होती. पाण्याची वेळ झाली. बाहेर गोलांत भांडी लागली होती, एकेचाळीस. मी म्हणाले, "आज पाणीच सोडत नाही. येऊ देत सगळ्यांना बाहेर."

आत्याची पकड घट्ट झाली. "कोणाचं पाणी तोडायचं नाही. नेऊन दे दारात. हात बघ."

मी पाणी सोडलं, भांडी भरली आणि एकेक उचलून दारात नेली. शिलाईवालीने मोठे ड्रम घेतले. दार वाजवायचं आणि म्हणायचं, "ज्याचं भांडं, त्यानं हाताने घ्यायचं. चेहरा नको, हात दाखवा." पहिल्या दारातून हात आला. दुसऱ्यातून आला. पाचव्या दारातून आला त्या हातावर मनगटाशी भाजल्याचा मोठा डाग होता. सहावं दार वाजवलं. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला, पावलं धावली आणि फटीतून हात बाहेर आला. मनगटाशी तोच डाग.

त्या खोल्यांना मागून एकच पडवी आहे, हे मी विसरले होते.

"बाई," मी म्हणाले, "एका हाताने एकच बादली."

हात तसाच राहिला, बोटं उघडी. मग दारामागे ती बाई रडायला लागली. "दोघं आहेत आत," म्हणाली. "नवरा-बायको. चार दिवस झाले. मीच भरते त्यांचं."

त्यानंतर कोणी धावलं नाही. मी दार वाजवायचे आणि थांबायचे. काही दारांतून हात यायचा. काही दारं गप्प राहायची, आणि शेजारच्या दारातून कोणीतरी हलक्या आवाजात सांगायचं, आत कोण आहे, कधीपासून. वाजवून वाजवून माझी बोटं दुखायला लागली. सव्वीस हात आले. चौदा दारांपाशी भरलेली भांडी तशीच उभी राहिली आणि लाल चिंधीची बादली नळाशी.

मी आरोग्य केंद्रावर फोन केला आणि सांगितलं की माझे दहा दिवसांचे शून्य खोटे आहेत, सही माझी आहे, काय करायचं ते करा. पण गल्लीत गाड्या पाठवू नका, डॉक्टर पाठवा. आवाज चढला होता माझा. पहिल्यांदाच तिकडून कोणी मधे बोललं नाही.

गाडी आली. आत्याला चढवलं. मी तिच्या उशाशी बसले आणि मांडीवर वही उघडली, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

"मोजलीस?" तिने विचारलं.

"हो. चौदा दारांत कोणी उठलं नाही."

तिने दोन-तीन श्वास घेतले. "माझं धरून?"

"नाही."

"मग पंधरा लिही की."

मी चौदा खोडून पंधरा लिहिलं. तिने ते वाचलं, खरंच वाचलं, आणि डोळे मिटून घेतले. शाळेतल्या केंद्रावर मला दाराशी बसू दिलं. चौथ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास त्यांनी मला आत बोलावलं. पिशवीत मी माझ्या हाताने रेनकोट घातला, आणि तो तिचाच होता.

मी फोन केला त्याच दुपारी डॉक्टर गल्लीत आले होते. चौदा दारांपैकी अकरा दारांतली माणसं बरी झाली. चावी आता शिलाईवालीकडे आहे. पहिल्या गोलात लाल चिंधीची बादली ती रोज पालथी ठेवते, म्हणजे चुकून कोणी भरणार नाही. मी अजूनही रोज सकाळी जाऊन रांग मोजते. एखादं भांडं कमी असलं तर त्या घरी चौकशी करून पुढे जाते. पण ज्या दिवशी सगळी लागलेली दिसतात, त्या दिवशी मला भीती वाटते, आणि मी पहिल्या दारापासून वाजवायला सुरुवात करते.