लोह्यात तापणारी गाडी

अप्पांची जुनी गाडी लातूरहून नांदेडला निघाली की वाटेतल्या लोह्यात तापायची. जागाही ठरलेली, चहाच्या हॉटेलासमोरची बाभळ. अप्पा म्हणजे माझे वडील. कापडाच्या दुकानामुळे त्यांना दर आठवड्याला नांदेड गाठावं लागे. लोह्यात ते बॉनेट उघडून बाकावर बसायचे. हॉटेलवाला न विचारता हौदातलं बादलीभर पाणी आणून द्यायचा आणि मग दोघं तासभर बोलायचे. इंजिन गार व्हायला वीस मिनिटं पुरतात, हे मी सांगून पाहिलं. दोघांनीही मनावर घेतलं नाही.

लातूर जिल्हा झाला आणि गावाच्या अंगात आलं. जो तो नवी छोटी गाडी घेऊन कलेक्टर ऑफिसवरून विनाकारण चकरा मारायला लागला. मीही घरी भुणभुण लावली. जुनी दणकट होती, मागे पाच माणसं कोंबली तरी मुकाट न्यायची, पण पाणी म्हशीसारखं प्यायची. नवीत माझे गुडघे हनुवटीला लागत, पण ती तापत नव्हती. अप्पांनी वर्षभर टाळलं. "मग लोह्यात थांबायचं कसं?" असं एकदा म्हणाले. मला वाटलं, चेष्टा करतायत.

मग दुष्काळ पडला. हॉटेलचा हौद आटला. हॉटेलवाल्याची बायको कोसभरावरून घागरी आणायला लागली, तरी आमची गाडी थांबली की हा बादली पुढे करायचाच. अप्पांनी ते दोनदा पाहिलं आणि महिन्याभरात जुनी विकून नवी घेतली. मी जिंकलो म्हणून खूश होतो.

नवीची पहिली खेप मीच चालवली. जाताना लोह्यात थांबलो नाही. अप्पा दुसऱ्या बाजूला बघत बसले. नांदेडात मात्र त्यांनी नळावर दोन कॅन भरून डिकीत ठेवले आणि परतताना बाभळीखाली गाडी उभी करायला लावली. उतरून त्यांनी बॉनेट उघडलं.

हॉटेलवाला बादली घेऊन आला. तळाशी तांब्याभर पाणी होतं.

"तापली का, अप्पा?"

"न्हाई. ही पाणीच पीत न्हाई. सवयीनं दोन कॅन भरले, आता कुठं वागवू? तुझ्या हौदात ओत."

त्यानं वाकून इंजिनाकडे पाहिलं. फुकटचं घेणाऱ्यातला तो नव्हता.

"गाडीचंच हाय न्हवं? लागलं की मागून घ्या."

"हाव."

मला स्वतःची लाज वाटली. कॅन मीच उचलून नेले. त्यानंतर उन्हाळाभर दर आठवड्याला नेत होतो.

पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि हौद भरला. आता पाणी न्यायची गरज नव्हती आणि थांबायला कारणही नव्हतं. अप्पा आधीच दुसऱ्या बाजूला बघायला लागले होते. बाभळीजवळ हॉटेलवाला भरलेली बादली घेऊन रस्त्यातच उभा दिसला. मी ब्रेक दाबला.

"लई तापली असंल," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

मी तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. काटा खालीच होता.

"लई," मी म्हणालो आणि बॉनेट उघडायला उतरलो.