वजन कुठे आहे?

"किती ते नंतर. वजन कुठे आहे, ते आधी सांग."

काका हे दिवसातून दहादा म्हणायचे. काका म्हणजे नात्यातले नव्हेत. जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या केमिकल प्लांटमधले माझे सीनियर, मूळचे सांगलीचे, इथे आमच्याच गल्लीत राहणारे. त्यांच्याकडे एक पिकअप होता आणि त्याच्या पाठीवर चढवलेली एक छोटी खोली. आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, आणि एका फळीवर काकूंचे देव. काकू गेल्यावर देव त्यांनी तिथे बसवले होते. म्हणून बूट दाराबाहेर.

निघण्याआधी कुकरपासून छत्रीपर्यंत सगळं बाथरूममधल्या वजनकाट्यावर चढायचं. जड ते पुढे, मागच्या चाकांच्याही पुढे. मग पुढच्या चाकांवर भार आहे ना, ते पुढच्या मडगार्डवर दोन्ही तळवे ठेवून काका दाबून बघायचे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्याबरोबर सहलीला जायचं म्हणजे परीक्षाच. मला तर संताप यायचा.

"काका, सुट्टीला चाललोय, चंद्रावर नाही!"

"गेनाऊ, अगदी बरोबर. चंद्रावर वजन कमी भरतं. बूट काढ."

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या सहलीत तीस जणांचं जेवण आमच्याकडे होतं. काकांची कंबर धरलेली, त्यामुळे गाडी मी चालवणार आणि सामानही मीच लावणार. कणकेची पोती, तांदूळ, पाण्याचे कॅन, बायकोचा लोखंडी खलबत्ता. पाऊस पडत होता, बूट चिखलाने भरलेले. देवांच्या खोलीत बुटाने जायचं नाही आणि लेस सोडायचा तर कंटाळा. खोलीचं दार गाडीच्या अगदी मागच्या टोकाला. मी बाहेरूनच हात लांबवून सगळं दारापाशी रचून टाकलं.

"सगळं पुढे ना रे?"

"हो हो," मी बिनदिक्कत थाप मारली. कंबरेमुळे त्यांना त्या दिवशी मडगार्ड दाबता आलं नाही.

ऑटोबानवरच्या एका उंच पुलावर बाजूने वारा आला आणि स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं. मी फिरवतोय आणि पुढची चाकं ऐकतच नाहीत. मागची खोली डावीकडे झुकली, मग उजवीकडे. बायकोने माझं नाव घेऊन किंकाळी फोडली. मागून माझी पाच वर्षांची चिऊ म्हणाली, "बाबा, वास इस्ट लोस?" काय झालं, असं ती जर्मनमध्ये विचारत होती. आरशात तिचा चेहरा आणि बाजूला पुलाचा कठडा. देवाशपथ सांगतो, इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको," काका हळूच म्हणाले. "स्टिअरिंग सरळ धर. पाय सावकाश उचल. अजून. अजून."

गाडी हळूहळू सावरली. पुढच्या रास्टप्लाट्झवर, रस्त्याकडेच्या थांब्यावर, थांबलो. काकांनी मागचं दार उघडलं, रचलेली पोती पाहिली. आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घालून उभा. ते पायरीवर बसून बुटाची लेस सोडू लागले, पण ती सुटेना. बोटं पुन्हा पुन्हा त्याच गाठीवरून घसरत होती. मी चिखलात गुडघे टेकले आणि त्यांच्या लेस सोडल्या.

"काका, चुकलं माझं. खोटं बोललो."

"मलाही भीती वाटते रे," ते म्हणाले. "दर वेळी. म्हणून तर विचारतो."

मग मीही बूट काढले, आणि त्यांनी दाखवलं तिथे एकेक पोतं पुढे नेऊन ठेवलं.

दोन हिवाळ्यांनंतर काका झोपेतच गेले. पिकअप विकला गेला. काकूंचे देव आमच्याकडे आले.

आता आमची साधी गाडी आहे, डिकीत फार तर बाजार असतो. चिऊला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. फक्त मी चावी लावली की मागच्या सीटवरून एकच मराठी वाक्य येतं. "बाबा, वजन कुठे आहे?"

मी चावी काढतो, खाली उतरतो आणि डिकी उघडून बघतो.