भटूचा पंखा

दर वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी भटू माझ्या दुकानात यायचा, कॉम्प्युटरचं झाकण काढायचा, आतल्या पंख्यावरची धूळ रंगाच्या जुन्या ब्रशने झाडायचा आणि त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. यंदा आखाजी दोन दिवसांवर आली तरी तो आला नाही. छातीत दुखतं म्हणून घरीच आहे, एवढं कानावर होतं. भेटायला जायचं सोडून मी झाकण उघडून स्वतःच धूळ झाडत बसलो. तेवढ्यात त्याच्या जावयाचा फोन आला, भटू गेला... ब्रश हातातच राहिला.

शहाद्यात माझं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान. भटू शेजारच्या गाळ्यात कूलर दुरुस्त करायचा, जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचा. आमच्याकडे लग्नं आणि कडक ऊन एकाच वेळी येतात. मी नवा कॉम्प्युटर घेतला, पण एप्रिल उजाडला की मिक्सिंग चालू असताना तो मध्येच गोठायचा. नंदुरबारच्या एका जाणकाराने सांगितलं, आतली मेमरी तापते. तिच्यावर पंखा लावायला पेटीत जागाच नव्हती. मी भटूला हाक मारली. त्याने मेमरीच्या पट्टीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "भो, याले ताप चढेल शे. नवरदेवले घाम उना तरी चालस, याले चालत नही."

दुसऱ्या दिवशी तो जुन्या कॉम्प्युटरचा एक छोटा पंखा, सायकलचे दोन आरे आणि फुटक्या कूलरच्या पत्र्याची पट्टी घेऊन आला. आरे वाकवून त्याने पेटीच्या कडांना आडवे अडकवले, त्यावर पट्टी, पट्टीवर पंखा. मेमरीपासून दोन बोटं अंतर. पंख्याची थरथर खाली उतरू नये म्हणून प्रत्येक स्क्रूखाली सायकलच्या ट्यूबची रबरी चकती. वारा नेमका कुठे जातो हे पाहायला त्याने पेटीत उदबत्ती धरली. धूर मेमरीवरून सरळ मागे जाईना, तेव्हा पट्टी पुन्हा वाकवली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि पूजा चालली आहे असं समजून पायऱ्यांवर चपला काढून हात जोडून उभं राहिलं. भटू मान वर न करता म्हणाला, "बठा काका, परसाद येईच ऱ्हायना."

तो उन्हाळा कॉम्प्युटर एकदाही गोठला नाही. मग गावातले दोन-तीन सायबर कॅफेवालेही भटूला बोलवू लागले. त्याचा त्याला फार आनंद होता. कूलरवाल्याला कोणी कॉम्प्युटरला हात लावू देतंय याचा.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. पुढच्या वर्षी एका लग्नाच्या व्हिडिओत वऱ्हाडाची नावं मी माझ्या आवाजात भरत होतो. पंख्याची घरघर माइकमध्ये येत होती. मी त्याची पिन काढली, वायर नीट गुंडाळून कोपऱ्यात खोचली आणि काम झाल्यावर परत लावायची विसरलो. त्याच दुपारी आणखी एका लग्नाचं शूटिंग त्याच कॉम्प्युटरवर उतरवलं. न तपासता कॅमेऱ्याची कार्डं पुसली, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा लग्न होतं. पंधरा दिवसांनी फायली उघडल्या तर नुसते रंगीत चौकोन; पंख्याविना मेमरी तापून सगळं उतरतानाच बिघडलं होतं. त्या पंधरा दिवसांत नवरीचे वडील वारले होते. पाठवणीच्या वेळी ते मुलीच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते, ते मी स्वतः टिपलं होतं. ते आता कुठेच नव्हतं.

नवरीचे काका चार माणसं घेऊन आले. मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "आमच्या भटूने पंखा लावला होता, तो ढिला झाला." त्यांनी भटूला बोलावून घेतलं. तो आला, पेटीत वाकला. गुंडाळलेली वायर त्याला दिसली. तशी घडी घालायची सवय फक्त माझी, हे त्याला ठाऊक होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं... मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिलो. मग तो काकांकडे वळला. "हा भाऊसाहेब, मन्हंच चुकनं."

त्यानंतर कोणी त्याला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. तो पुन्हा कूलरपुरता उरला. माझ्याकडे मात्र यायचा. पुढच्या आखाजीला त्याने पेटीच्या दर्शनी बाजूला एक बटण आणि छोटा लाल दिवा बसवला. "आवाज नको व्हई तवय पंखा बंद कर. बंद ऱ्हायना का हाऊ दिवा लागी. इसरू नको, भो." एवढंच. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चहा मागवला.

भटू गेल्यावर त्याच्या दारावर सांत्वनाला बसायला गेलो तेव्हा नवरीचे तेच काका तिथे होते. म्हणाले, "माणूस चांगला होता. पण त्याच्या हातून आमच्या पोरीचं लग्न गेलं." मी मान खाली घातली. दुसऱ्यांदा.

भटूचे दिवस झाल्यावर मी आधी त्या मुलीच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ती जे बोलली ते ऐकून घेण्याखेरीज मला दुसरा हक्क नव्हता. मग भटूच्या घरी शोभावहिनींकडे गेलो. भटूने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.  त्या म्हणाल्या, "तुम्हना येडा पंखापायी लोकेसनं लगीन गयं, असं मी त्यासले किती साल बोलनू..." आणि थोड्या वेळाने, "तो पंखा माले दखाडा."

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या. मी झाकण काढलं. त्यांनी पंख्यासमोर हात धरला, रबरी चकत्या बोटाने चाचपल्या. "मन्ही मशीननं तेल दर साल लई जायेत. कसाले, ते सांगेत नही." पिशवीतून तेलाची बाटली काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. "आते तुम्हीच टाका, भाऊ."

त्या गेल्यावर मी बटण दाबलं. पंखा थांबला, लाल दिवा लागला. एक थेंब सोडला, बटण पुन्हा दाबलं, दिवा विझला. दुकान बंद करण्याआधी मी तीनदा मागे येऊन पंखा फिरतो आहे ना, ते पाहिलं.