आबांचा बांक आणि प्रकाशचा बाक

आमच्या घरात सात व्हाइस आहेत आणि त्यांतला एकही मला नको आहे.

व्हाइस म्हणजे फिटरच्या टेबलाला बोल्टने आवळलेला लोखंडी जबडा. दांडा फिरवला की जबडे जवळ येतात आणि मध्ये सापडलेली वस्तू हलत नाही. (माझी बायको सुमन म्हणते, लग्नाचंही असंच असतं. ते सोडा.) कारखान्यात आणि भंगारबाजारात त्याला 'बांक' म्हणतात. हा शब्द नीट लक्षात ठेवा. माझ्या मेहुण्याने ठेवला नाही, म्हणून तर हे सगळं लिहावं लागतंय!

मला हवा होता तो आबांचा बांक. आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्यात ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांचा बांक मी डोळे मिटूनही ओळखला असता. मूळ दांडा हरवल्यावर आबांनी तिथे सायकलच्या सीटखालचा पाइप घातला होता. शिवाय एका जबड्याचा कोपरा उडालेला, कारण माझे थोरले भाऊ नाना यांनी त्यावर घण घातला होता. (नाना म्हणतात, मी घातला. नाना काहीही म्हणतात.) त्या बांकात आम्ही बोरांच्या आठोळ्या फोडल्या, भोवऱ्याला आर बसवली, आणि एकदा तर नाना माझी चड्डी त्यात आवळून जेवायला निघून गेले! आबांनी मला सोडवलं खरं, पण आधी म्हणाले, "अनायासे उभा आहेस तर एवढे नट पुसून दे."

आबा गेले. नानांनी दुकान मोकळं केलं आणि बांक भंगारात घातला. मला न विचारता! मी तेव्हा जळगावात पाण्याच्या मोटारींचं दुकान शून्यातून उभं करत होतो. बापाच्या इस्टेटीतलं मला दुसरं काही नको होतं. "तुझा फोन लागला नाही," असं नाना म्हणाले. माझा फोन! ज्याच्यावर ऐन दुपारच्या झोपेत लोक मला कर्ज द्यायला धडपडतात, तो फोन नेमका सख्ख्या भावाला लागला नाही!

त्या दिवसापासून माझ्या घरात नानांचं नाव काढायला बंदी आहे. सुमनसुद्धा फक्त "धुळ्याहून फोन होता" एवढंच म्हणते. लग्नकार्यात नाना समोर आलेच, तर मी त्यांच्याकडे न बघता शेजारच्या पाहुण्याला बांकाची गोष्ट मोठ्याने सांगतो. कितीतरी पाहुण्यांना ती आता पाठ आहे.

पुढे दुकान मुलाकडे देऊन मी घराच्या गॅरेजमध्ये छोटा वर्कशॉप थाटला आणि आबांचा बांक शोधायला लागलो. फैजपूरला केळीच्या वखारीमागे एक सापडला. तो आबांचा नव्हता, पण भाव इतका पाडला होता की सोडवेना. मग दुसरा, तिसरा! जुना बांक नुसता घरी आणून भागत नाही. त्याला डिझेलमध्ये भिजत घालावं लागतं, तारेच्या ब्रशने घासावं लागतं, आतला गंजून गप्प बसलेला स्क्रू ग्रीस चोपडून हळूहळू बोलता करावा लागतो. एक दिवस दांडा करकरत फिरतो आणि त्याच्या पोटातून आबांच्या दुकानातला आवाज येतो. हे सुमनला समजावणं कठीण. तिचं लक्ष कपड्यांच्या टबाकडे, ज्यात बांक भिजत असतो.

"अहो, वरणाला डिझेलचा वास येतोय."

"हिंगाचा असेल."

"आज हिंग घातलेला नाही!"

अशात दोंडाईच्याहून सलीमभाई भंगारवाल्याचा फोन आला. "सेठ, एक पुराना बांक आया है. धुलिया का माल. कोना टूटा हुआ, और डंडे की जगह सायकल का पाइप."

मी उभा होतो, तो खाली बसलो. पण आवाज? आवाज तसाच ठेवला. "असेल. भंगारच ना? बघू कधी जमलं तर."

मी स्वतः गेलो असतो तर सलीमभाईने माझे डोळे बघितले असते आणि भाव सोनगीरच्या किल्ल्यावर चढला असता. म्हणून मी सोनगीरलाच फोन लावला. तिथे माझा मेहुणा प्रकाश राहतो. निवृत्त मुख्याध्यापक. चेहरा असा, की कोणीही भाव वाढवून सांगायला लाजेल.

"प्रकाश, दोंडाईच्याला सलीमभाईकडे एक जुना बांक आहे. घेऊन ये."

"बाक? तुम्हाला कशाला हो दाजी?"

"कशाला म्हणजे? गॅरेजमध्ये बसवायचाय."

"बरोबर आहे. या वयात उभं राहून काम होत नाही. मजबूत आहे ना?"

"एकदा बसला की हलायचा नाही!"

"लोखंडी की लाकडी?"

"लोखंडीच! लाकडी कधी असतो का?"

"आमच्या शाळेत होते."

(इथे मी थांबायला हवं होतं. पण मास्तर माणूस, शाळेत कार्यानुभवाचा तास असेल, असं मला वाटलं.)

"खूण लक्षात ठेव," मी म्हणालो. "एक कोपरा तुटलेला आहे. आणि तिथे वस्तूचं नाव घेऊ नकोस, माझं नाव घेऊ नकोस. नुसतं बोट दाखव आणि अर्ध्यात माग. कोणी ओळखीचं भेटलं तर तोंड फिरव."

दुसऱ्या दिवशी प्रकाशचा तिथून फोन आला. आवाज कुजबुजता. "दाजी, मिळाला. कोपरा तुटलाय. पण इथे एक म्हातारे गृहस्थ आहेत. धुळ्याचे आहेत..."

"असेनात! आपल्या मालावर डोळा आहे का त्यांचा?"

"नाही. ते कसल्यातरी लोखंडी ठोकळ्यासाठी घासाघीस करतायत. सलीमभाईला पार घाम फोडलाय."

"वा! त्यांना आधी आटपू दे. सलीमभाई दमला की आपला भाव आणखी पडेल. हवं तर त्यांना हात दे, गाडीत चढवून दे म्हणजे लवकर टळतील."

"त्यांना हात देऊ? नक्की?"

"अरे दे की! तेवढंच पुण्य!"

"मला फार बरं वाटलं, दाजी," प्रकाश म्हणाला. यात एवढं बरं वाटण्यासारखं काय, ते मला कळलं नाही.

संध्याकाळी टेम्पो आमच्या दारात लागला. मी हळदीकुंकवाचं ताट तयार ठेवायला सांगितलं होतं. ताडपत्री निघाली आणि आतून शाळेचा दोन जणांचा बाक उतरला. समोर लिहायची फळी जोडलेला, एक कोपरा तुटलेला. फळीवर कोणा पोराने कर्कटकाने कोरलं होतं, 'येथे गाढव बसतो'. शेजारी डावीकडे दाखवणारा ठसठशीत बाण.

"ओवाळू का?" सुमनने विचारलं.

मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही. गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून गेली. मग सलीमभाईला फोन लावला.

"बांक? वो तो धुलियावाले बाबा ले गये, सेठ. आपके ही आदमी ने उठाके गाडी में रखा!"

मी प्रकाशकडे वळलो. "कोण होता रे तो म्हातारा?"

प्रकाशने सुमनकडे बघितलं, सुमनने आभाळाकडे. "ज्यांचं नाव काढायचं नाही, ते."

"नाना? मग सांगितलं का नाहीस?"

"बंदी तुमचीच ना! मी धुळ्याचे म्हणालो की! तुम्ही म्हणालात हात दे. मला वाटलं, दाजींचं मन मोकळं झालं."

सकाळी पहिल्या एसटीने मी धुळे गाठलं. नानांच्या अंगणात, लाकडी ओंडक्यावर, आबांचा बांक. गंजलेला, मुका. पण सायकलचा पाइप तोच. नाना त्याच्याकडे बघत उभे होते. किती म्हातारे झाले होते! (माझ्याहून बरेच.)

"उना का, बापू? ये," ते म्हणाले.

"नाना, हा बांक माझा आहे."

"तुना कसा? लयना कोन? मी."

"आणला तुम्ही, आणि विकला कोणी?"

"ते बी मीच!" नाना वैतागले. "बठ्ठा लगीनमां तू तेच बोलस. कान किटनात मना. म्हनीसन भंगारवालासले सांगी ठेयेल व्हतं."

म्हणजे सगळ्या लग्नांतली माझी बडबड ऐकून नानांनीही भंगारवाल्यांना सांगून ठेवलं होतं! मी घसा साफ केला. जळगावच्या बाजारात हा आवाज ऐकून भले भले भाव सोडतात. "मग आता देऊन टाका."

"नही देस."

"का?"

नानांनी फडक्याने जबड्याचा तुटका कोपरा पुसला. "दिधा का तू परत येवाव नही."

दिला की मी परत येणार नाही म्हणे! यावर काय घासाघीस करणार? मी बाह्या वर केल्या आणि म्हणालो, "डिझेल आहे का घरात?"

दुपारपर्यंत आम्ही भांडत घासत होतो. मूळ रंग हिरवा होता असं मी म्हणत होतो, नाना निळा म्हणत होते. रंगाचे थर खरवडत गेलो तर सगळ्यांत खाली निघाला लाल! आबांनी गेल्यावरसुद्धा दोघांना गप्प केलं. मग मी पाइप धरला, नानांनी ग्रीस घातलं, आणि स्क्रू करकरला. तोच आवाज. नानांनी तोंड फिरवलं. मीही. डिझेल डोळ्यांत जातं हो!

कंबर धरून मी म्हणालो, "नाना, बसायला काही आहे का?"

"येकच खुर्ची शे. ती मनी."

म्हणून मी, सगळ्या खानदेशाला घासाघीस शिकवणारा माणूस, स्वतःच्या खर्चाने टेम्पो करून तो बाक जळगावहून धुळ्याला नेला. (टेम्पोवाल्याने सांगितला तोच भाव दिला. हे कृपया बाजारात कोणाला सांगू नका.) प्रकाश हल्ली भेटेल त्याला सांगतो, "मी आणलेला बाक शेवटी कामाला आला की नाही?"

आता मी रविवारी धुळ्याला जातो. नवा-जुना काहीतरी लोखंडाचा तुकडा आवळतो, घासतो, नानांशी भांडतो, मग दोघं त्या बाकावर बसून चहा पितो. कोरलेली अक्षरं घासून काढायची मी तयारी केली होती, पण नाना पॉलिशपेपरला हात लावू देत नाहीत. आणि मी कितीही लवकरची एसटी पकडली तरी नाना माझ्याआधी येऊन उजव्या टोकाला बसलेले असतात.